थंडीत मोठा मासा वर येत नाही

हौसा, तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही. हे तुला आधी सांगते, कारण तिथून पुढं माझं डोकं चालेनासं झालंय.

मी चौथीपर्यंत शिकलेली, तू तेवढीही नाहीस. तू असतीस तर हे लिहून उपयोग नव्हता. मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं आणि तू मध्येच उठून शेळ्यांकडं गेली असतीस. आता तुला उठून जाता येत नाही, म्हणून लिहिते. बोलायचं बरंच आहे आणि मला ते नीट ओळीनं लागत नाही. तू सांभाळून घे.

दहाव्याला सगळे घाटावर जमलो. आपलं गाव धरणात गेल्यावर वरच्या वस्तीखाली जो दगडी घाट बांधून दिला, तोच. मार्गशीर्ष असल्यामुळं पाणी अजून वरच्या पायऱ्यांना लागून होतं. तुझा लेक पोपट लोणंदच्या कंपनीतून रजा काढून आलेला. डोकं भादरलेलं, अंगावर उपरणं, थंडीनं ओठ काळे पडलेले. भटजींनी सांगितलं तसं त्यानं सगळं केलं. भाताचा पिंड पायरीवर ठेवला आणि आम्ही मागं सरून उभे राहिलो.

कावळे होते, नव्हते असं नाही. घाटाच्या कठड्यावर रांगेनं बसले होते. एक उतरला, टुणटुण करत पिंडाजवळ आला, मान वाकडी करून बघितलं आणि परत जाऊन बसला. मग कोणीच येईना. तुला माहीत आहे अशा वेळी काय चालतं. एकेक जण पुढं होऊन हात जोडून बोलायला लागला. पोपट म्हणाला, "आई, शेळ्या इकत न्हाई. गुरवाच्या पोराला सांभाळाय देतो." कावळा हलला नाही. सून म्हणाली, "आत्ती, तुमचा शालू मी मोडत न्हाई." नाही. कोणी म्हणालं वस्तीवरच्या देवीला तुझी साडीचोळी राहिली असेल, ती नेसवू. नाही.

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "आक्का, तुमी बोला. तुमास्नीच म्हाईत आसंल तिच्या मनातलं."

थोरली जाऊ असून मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तुझ्या शेजारी पाण्याकाठी बसले आणि मला तुझी एक इच्छा सांगता येईना. मी पुढं झाले आणि तोंडाला आलं ते बोलले, "हौसा, आता नाटकं पुरं कर. उन्हं वर आली. माणसांनी सकाळधरनं च्या घेतला न्हाई."

होते तेवढे कावळेही उडाले. मागं कोणीतरी फिसकन हसलं.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला. चालतं म्हणाले. चालत असेल. पोपटनं पिंड उचलला, पाण्यात गुडघाभर गेला आणि सोडला. पिंड बुडालाही नव्हता, तेवढ्यात पाणी खालून फुगलं. तोंड आलं, पिंड गेला आणि वळताना शेपूट वर आलं. सुपाएवढं होतं, हौसा. अंगावरची खवलं मी मोजून सांगू शकले असते, एवढी मोठी होती, उन्हात पिवळीधमक. पोपटच्या पोटऱ्यांना पाण्याचा धक्का बसला आणि तो मागच्या मागं पायरीवर बसला.

तो खडशी मासा होता. आपला खडशी. आणि थंडी होती.

आता तूच सांग. तुझ्यामाझ्यात कधी कशावर एकमत झालं? मीठ किती, पेरणी कधी, सासूचं खरं की खोटं, कशावर नाही. एकाच गोष्टीवर दोघींची मान एका वेळी हलायची, की थंडीत मोठा मासा वर येत नाही. दिवाळी झाली, रान वाळायला लागलं, पाणी निवळ झालं, की तो खाली जातो आणि होळीपर्यंत तळाला पडून राहतो. म्हणून तर मी थंडीत तुझ्याकडं वर यायची नाही. पलूसला ऊसतोड बघायची आणि चैत्राची वाट बघायची. एवढं एकच एकमत होतं, तेही खोटं निघालं. तू मेल्यावर दहाव्या दिवशी.

माझं डोकं तिथं जे अडकलं ते अडकलं.

गाव बुडालं तेव्हा माझ्या वाटणीला खाली पलूसकडं जमीन आली आणि तुम्ही वर डोंगराच्या कडेला राहिलात. लोकांना वाटलं जावा सुटल्या एकमेकींच्या तावडीतून. मलाही वाटलं होतं. तुझा नवरा फौजेतून कायमचा घरी आला तेव्हा आसामातून नायलॉनची दोरी आणि डबाभर गळ घेऊन आला. त्यानं तुला शिकवलं आणि दोन वर्षांत त्याला तुझ्याकडून शिकायची पाळी आली. तो गेला तरी तू थांबली नाहीस. बाई गळ टाकते म्हणून वस्तीवर हसले. तू त्यांना मासे दिलेस, मग गप्प बसले.

मी पहिल्यांदा आले ती माझे मालक गेल्यावर. तेरावा झाला, पाहुणे गेले आणि तू मला एसटीत घालून वर घेऊन गेलीस. पलूस ते कराड, कराडहून वर घाटातून, तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं आता रात्री जवळ बसून रडशील, मला रडवशील. सकाळी उठवलंस, काठी हातात दिलीस आणि म्हणालीस, "बसा. बुचावर नजर ठिवा. ते बुडालं की सांगा."

मी दिवसभर त्या बुचाकडं बघत बसले. पाण्यावर एवढंसं बूच, त्याच्याकडं बघताना दुसरं काही बघता येत नाही. मला ते बरं वाटलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस. आता सांगते, बरं वाटलं होतं.

आणि त्याच दिवशी आपलं पहिलं भांडणही झालं. बूच बुडालं आणि मी ओरडले, "वड! वड! हौसा, वड!" तू काठी ओढलीस आणि गळ मोकळा आला. तू माझ्याकडं बघितलंस. "आक्का, पयल्यांदा तो चव बघतो. मग तोंडात घेतो. मग पळतो. पळायला लागला की वडायचं. तुमी चव बघतानाच बोंब ठोकली."

"बूच बुडालं की सांग म्हनालीस. मी सांगितलं."

"सांगा म्हनलं. गावाला कळवा म्हनलं न्हाई."

पुढं इतकी वर्षं ते तसंच चाललं. बूच बुडालं की माझं तोंड उघडायचं. तू म्हणायचीस माझ्या तोंडापायी तुझा मोठा मासा गेला. कोणता, ते दोघींनाही माहीत आहे. चैत्रातला, वाळल्या उंबरापाशी. मी आजही म्हणते दोर जुना होता. आसामातला दोर तू किती वर्षं वापरणार होतीस? तो उन्हानं खाल्ला होता. तू म्हणायचीस दोराला काही झालं नव्हतं, तुम्ही ओरडला म्हणून मी दचकले आणि ताण जास्त बसला. हे मिटायचं राहिलं. मी माघार घेत नाही. मेलेल्या माणसाला जिंकू द्यायची रीत असेल, पण मला ती जमत नाही.

त्या उंबराचंच बघ. चैत्रात पाणी उतरलं की आपल्या जुन्या मळ्यातला उंबर वर यायचा. काळा, वाळून खडंग झालेला, फांद्या मोडलेला. तू म्हणायचीस खडशी अजून त्या झाडाखाली येतो, कारण इथं उंबरं पडत होती. मी म्हणायची, "आगं, झाड बुडून मेलं. धरनात जलमलेल्या माशाला काय ठावं उंबर कसला?" तू म्हणायचीस, "त्यो मेलाय हे माशाला कुनी सांगितलं?" आणि वस्तीवरच्या जित्या उंबराची पिकली फळं ओट्यात घेऊन यायचीस. शिसं लावायचं नाही. बूच, दोर आणि फळ वरच्या वर तरंगतं ठेवायचं. आणि गळ टाकायच्या आधी फळं पाण्यात टाकायची. मी मूठभर टाकली तेव्हा माझा हात धरलास.

"झाडावरनं येकदम मूठभर पडत्यात व्हय वं?"

मग तू दाखवलंस. एक टाकायचं. थांबायचं. आपण दुसरं काही बोलायचं. मग दुसरं टाकायचं, जरा लांब. वाऱ्यानं पडावं तसं. डुबुक आवाज झाला पाहिजे, छपाक नाही. दुपार कलंडली की खालून पाणी हलायला लागायचं. तुझं खरं होतं, मासा यायचा. का यायचा, त्यावर मात्र तुझं खरं नव्हतं.

पावसाळ्यात ओढा लाल होऊन धरणाला मिळतो तिथं बसायचो. उकिरड्यातली जाड गांडुळं, जड शिसं, तळाला. पण श्रावणात पोटुशा माद्या वर चढायला लागल्या की तू काठी आढ्याला टांगायचीस. शेजारची माणसं घमेली भरून न्यायची, गाभोळी तळून खायची. तू म्हणायचीस, "बाळंतपणाला निघालेलीला कोन आडवतं?" मी म्हणायची, मासा तो मासा. तू तेव्हाही ऐकलं नाहीस. पण ते भांडण बारीक होतं.

मोठं भांडण भाद्रपदातलं. त्या महिन्यात मी पलूसहून काकवीची बाटली घेऊन यायची, तू शेंगदाण्याची पेंड कुटून ठेवायचीस, दोन्ही मिळून घट्ट गोळा करायचा, मुठीत दाबून दाबून. पाणी काठोकाठ. आणि पितृपंधरवडा. सगळी वस्ती घाटावर भात, वडे, खीर सोडते. घाटाच्या पायऱ्यांखाली पाणी नुसतं उकळत असतं माशांनी. आणि तू पेंडीचा गोळा घेऊन पार पलीकडच्या ओढ्यावर निघायचीस, काट्याकुट्यातून, माझे गुडघे दुखत असताना.

"आगं, हितं पायाखाली हायत की."

"तितलं न्हाई धरायचं."

"का?"

"त्ये पिंडं खात्यात. आपल्या सासूचा पिंड त्यांनीच खाल्ला. त्यातला मी कालवनात घालू?"

"मग कावळाबी पिंड खातो. त्याला काय देव्हाऱ्यात बसवतीस?"

"कावळ्याचं कालवन करत न्हाई की वं, आक्का."

दरवर्षी विचार करत यायची, यंदा हिला असं बोलते की बोलती बंद. दरवर्षी तू तेच वाक्य टाकायचीस आणि पुढं चालायला लागायचीस. पण मी हरले नव्हते. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, तू आयुष्यभर त्या मोठ्या खडशीच्या मागं उंबराला गेलीस, ओढ्याला गेलीस, चिखलात गेलीस आणि तो इथं घाटाखाली दुसऱ्यांचा भात खाऊन वाढत होता. एक गोळा इथं टाकला असतास तर दहा वर्षांपूर्वी मिळाला असता. तुझं हे सोवळं मला कधी कळलं नाही. बाकी कशात तू सोवळी नव्हतीस. सासूसमोर मिसरी लावायचीस.

तर असा सगळा हिशेब माझ्या डोक्यात होता आणि दहाव्याला तो मासा तुझाच पिंड घेऊन गेला.

घरी येताना पोपट ओल्या धोतरानं पुढं पुढं चालत होता. दारात पाय धुताना म्हणाला, "मोठी आई, कळलं का तुमाला?"

"काय?"

"कावळा का शिवला न्हाई. आईला त्यो मासा पायजे हुता. जलमभर त्याच्या मागं हुती. त्यात तिचा जीव आडकला."

मी तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्या पायांवर ओतलं.

"त्यानं सोताहून येऊन दाखवलं की. आता तेरावा झाला की चौदाव्याला म्या तितंच गळ टाकतो. त्याला काढतो. मग ती सुटंल."

"तितं?"

"घाटावर. तुमीच म्हनायचा न्हवं, घाटावर टाका म्हनून? आई सांगायची हसत हसत. आता तुमीच सांगा, थंडीत चारा काय लावायचा."

हौसा, त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मोठा बाप्या, त्याची पोरं कॉलेजात आहेत, आणि तोंड असं केलेलं जसा लहानपणी शेळीनं ढुशी दिली की करायचा. लोणंदला राहून आईकडं यायला जमलं नाही, हे त्याला खातंय. तो तसं म्हणाला नाही. मला दिसलं.

आणि मी अडकले. आयुष्यभर ज्यासाठी तुझ्याशी भांडले, तेच पोरगा करायला निघाला आणि माझ्या तोंडून हो निघेना. नाही पण निघेना. त्याचं खरं असेल तर? तुझ्या मनात तो मासाच असेल तर मी नाही म्हणून तुला लटकत ठेवणार. आणि तुझ्या मनात मासा नसेल, दुसरंच काही असेल, किंवा काहीच नसेल, कावळ्यांची पोटं भरलेली असतील, तर पोपट तुझ्या तोंडचा पिंड खाल्लेला मासा काढून कालवणात घालणार. तुझ्या नावानं. तू नको म्हणायचीस ते तुला पोचवायला करणार.

तीन दिवस मी हाच विचार केला. सुना भाकऱ्या थापत होत्या, पाहुणे तंबाखू मळत होते आणि मी भिंतीला टेकून बसले होते. तू काय म्हणाली असतीस, हे मला येरवी लगेच कळायचं. तू बोलायच्या आधी मी उत्तर तयार ठेवायची. आता कळेना. तुझा आवाज डोक्यात येतो, पण जुनीच वाक्यं बोलतो. या गोष्टीवर काही बोलत नाही. एकदा वाटलं तू हसतेयस. एकदा वाटलं तू त्या ओढ्याच्या वाटेनं पुढं निघून गेलीस आणि मागं वळून बघायला तयार नाहीस. मला काही समजत नाही आणि समजत नसताना गप्प बसायची मला सवय नाही.

तेराव्याच्या संध्याकाळी पोपट डबा घेऊन आला. तुझ्या नवऱ्याचे गळ, तुझी काठी, नवा दोर त्यानं बाजारातून आणलेला. समोर मांडून बसला. "सांगा."

पेंड आणि काकवीचा गोळा, शिसं लावून तळाला. थंडीत काही लागलाच तर त्याला लागेल, हे मला माहीत होतं. किंवा सरळ भाताचा गोळा. तो तर सगळ्यांनी बघितलाच होता.

मी म्हणाले, "उंबर."

"उंबर? आता?"

"उंबरच. शिसं न्हाई लावायचं. बुचावर, वरच्या वर."

"आवं, झाडाला हिरवी हायत. कच्ची."

"चालत्यात."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी डोळे हलवले नाहीत. तू मला ओळखतेस, मला खोटं बोलायचं म्हणजे फार कष्ट पडतात, पण एकदा बोलले की मी ते सोडत नाही. त्यानं मान हलवली. त्याला उन्हाळ्याचा गळ थंडीत दिला मी. मोठा मासा तळाला आणि चारा वर, तोही दगडासारखा कच्चा. बसेल, थकेल, उठेल. आईसाठी बसलो एवढं त्याच्या पदरात पडेल आणि मासा पाण्यात राहील. मला वाटलं, मी फार हुशारीनं मिटवलं. रात्री झोपताना मात्र आठवलं की थंडीत मासा वर येत नाही, हे तर खोटं ठरलं होतं. मग झोप लागली नाही.

सकाळी त्याच्याबरोबर मीही गेले. तो नको म्हणाला, थंडी आहे म्हणाला. मी ऐकलं नाही. घाटावर कोणी नव्हतं. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडचा डोंगर अर्धाच दिसत होता. त्यानं काठी जोडली. खिशातून हिरवी उंबरं काढली आणि मूठ भरून फेकायला हात मागं नेला.

माझ्या तोंडून गेलं, "झाडावरनं येकदम मूठभर पडत्यात व्हय रं?"

हात तसाच राहिला. "आई आसंच म्हनायची?"

"तुझ्या आईचंच हाय ते."

मग मी त्याला शिकवलं. फसवायला आले होते आणि नीट शिकवत बसले. एक टाक. थांब. काहीतरी दुसरं बोल. तो बोलायला लागला. कंपनीतला साहेब, धाकट्याचा मोबाईल, दुखणारी पाठ. मध्येच एक उंबर टाकायचा. तिसऱ्याला त्याचा डुबुक बरोबर पडला. तुझ्यासारखा. त्याला कळलं नाही, मला कळलं. तुझा हात आणि त्याचा हात एकच आहे, अंगठा तसाच बाहेर वाकतो. इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्याच्या हातात मी कधी उंबर बघितलं नव्हतं.

उन्हं पाण्यावर आली. धुकं गेलं. बूच तसंच उभं होतं.

"मोठी आई."

"काय?"

"तिचं काय राहिलं आसंल वं?"

"मला म्हाईत न्हाई, पोपट."

"तुमालाबी न्हाई?"

"न्हाई."

मला वाटलं तो आता मोडेल. पण त्यानं लांब श्वास सोडला, जसं पाठीवरचं पोतं कोणी दोन्हीकडून धरलं. "मग मला कसं म्हाईत आसनार," म्हणाला. असं म्हणाला आणि थर्मास काढायला पिशवीकडं वळला. "च्या घ्या. गार पडलाय तुमचा हात."

तो पाठमोरा होता. थर्मासचं झाकण घट्ट बसलं होतं, तो ते पिळत होता.

बूच हललं.

आधी थोडं. बारकी टोकरतात तसं नाही, एकदाच, जड. चव बघतो. मग उभं राहिलं. मग परत. मग सरळ खाली गेलं, हौसा. पाणी मिटलं त्याच्यावर. दोर तिरका झाला आणि काठीचं टोक वाकायला लागलं. दोन पायऱ्यांवर काठी, हात पुढं केला तर लागेल एवढ्यावर. माझं तोंड उघडलं. तोंडाला सवय आहे, ते आपोआप उघडतं.

मग काठी सरळ झाली. बूच वर आलं, दोनदा डुललं आणि थांबलं.

पोपट कपात चहा ओतून वळला. "हाललं का वं?"

"वारं हाय," म्हणाले.

त्यानं चहा दिला. मी दोन्ही हातांनी कप धरला. चहा झाल्यावर त्यानं दोर ओढून बघितला. गळ मोकळा होता. कच्चं उंबर गेलं होतं. "बारक्यांनी खाल्लं," तो म्हणाला. मी म्हणाले, "खाल्लं आसंल." त्यानं गळ पुसला, तुझ्या नवऱ्याच्या डब्यात ठेवला आणि काठी खांद्यावर घेतली. परत टाकू का, असं विचारलं नाही. घाट चढताना म्हणाला, चैत्रात सुट्टी काढतो, वाळल्या उंबरापाशी जाऊ, तुम्ही पलूसहून या. येईन म्हणाले.

तर असं झालं. तू जिंकलीस असं समजू नकोस. मासा तो मासा, हे मी सोडलेलं नाही आणि दोर जुना होता, हेही सोडलेलं नाही. तुझ्या मनात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. मी तुझं ऐकलं की पोराला फसवलं, की नुसती थंडीनं वाचा बसली, तेही कळत नाही. तू विचारलं असतंस तर मी काहीतरी फटकन सांगितलं असतं. तू विचारत नाहीस, म्हणून खरं तेवढं सांगते.

पाणी आरशासारखं होतं, हौसा. वारं नव्हतं.